दारूची पिंपं नासली म्हणून कारखानदार दारात आला आणि लुई पाश्चर यांना जंतूंचा माग लागला

सकाळी घरात येणारी दुधाची पिशवी नीट बघा. त्यावर बारीक अक्षरात पाश्चराइज्ड असं छापलेलं असतं. हे नाव ज्यांच्यावरून आलं ते लुई पाश्चर शाळेच्या पुस्तकात सगळ्यांनाच भेटलेत. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर लस शोधणारे शास्त्रज्ञ. एका मार्काची रिकामी जागा भरली की विषय संपला.

पण या माणसाची खरी गोष्ट ना दुधापासून सुरू होते, ना कुत्र्यापासून. ती सुरू होते दारूच्या एका नासलेल्या पिंपापासून.

पिंपात गोड रस काठोकाठ आहे, यीस्ट टाकलंय, दिवस उलटतायत, पण साखरेची दारू काही होत नाही. आंबण्याचं काम मध्येच अडतंय, नाहीतर सगळा माल आंबट होतोय. जगभर हौसेनं घरी बिअर बनवणाऱ्यांना आजही हेच कोडं पडतं. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी हेच कोडं पाश्चर यांच्यापुढे आलं आणि ते सोडवता सोडवता माणसाला रोग कसे होतात याचाच उलगडा व्हायला लागला.

चामडं कमावणाऱ्याचा पोरगा

27 डिसेंबर 1822 ला फ्रान्समधल्या दोल या गावात लुईचा जन्म झाला. वडील नेपोलियनच्या सैन्यात सार्जंट होते. लढाया संपल्यावर ते चामडं कमावण्याच्या पिढीजात धंद्याला लागले. पुढे कुटुंब आर्ब्वा या गावात राहायला गेलं. हा सगळा द्राक्षांचा पट्टा. शेजारीपाजारी वाइन बनवणारे.

लहानपणी लुई काही फार हुशार वगैरे नव्हता. त्याला नाद होता चित्रांचा. आईवडिलांची, शेजाऱ्यांची त्याने काढलेली रंगीत खडूंची चित्रं आजही जपून ठेवलेली आहेत. विज्ञानाच्या परीक्षेत तो पहिल्यांदा नापास झाला. दुसऱ्यांदा पास झाला, तेही रसायनशास्त्रात जेमतेम. पण गडी चिकट. पॅरिसच्या नामांकित एकोल नॉर्मालमध्ये त्याने प्रवेश मिळवलाच.

तिथं त्याच्या हाती आलं टार्टारिक आम्ल. वाइनच्या पिंपात तळाशी आणि कडेला जो खर बसतो, त्यातून हे आम्ल मिळतं. 1848 मध्ये मायक्रोस्कोपखाली त्याच्या एका प्रकाराच्या क्षाराचे स्फटिक बघताना पाश्चर यांना दिसलं की ते दोन प्रकारचे आहेत. डावा आणि उजवा हात जसे एकमेकांचे आरसे, तसे. त्यांनी चिमट्याने एकेक स्फटिक वेगळा केला. एक ढीग प्रकाशाला उजवीकडे वळवत होता, दुसरा डावीकडे. तेव्हा त्यांचं वय होतं 25.

पुढे त्यांच्या मनात एक गोष्ट पक्की बसली. असा डावा-उजवा भेद जिथं सापडतो तिथं कुठंतरी सजीवाचा हात असतो. पिंपांचं कोडं सोडवताना हाच धागा त्यांना उपयोगी पडणार होता.

लीलमधला नासका रस

1854 मध्ये पाश्चर लील शहरातल्या नव्या विज्ञान शाखेचे प्रमुख झाले. लील म्हणजे उत्तर फ्रान्समधलं कारखान्यांचं शहर. आसपास बीटची शेती आणि बीटच्या रसापासून अल्कोहोल काढणारे कारखाने.

1856 च्या उन्हाळ्यात बिगो नावाचे कारखानदार त्यांच्याकडे आले. त्यांचा मुलगा पाश्चर यांचाच विद्यार्थी. तक्रार अशी होती की बीट तेच, रस तोच, कामगार तेच, पण काही पिंपांत अल्कोहोल नीट तयार होतं आणि काही पिंपांत नाही. तिथं रस चिकट होतो, आंबट वास मारतो आणि माल वाया जातो.

दुसरा कुणी प्राध्यापक असता तर म्हणाला असता, हे आमचं काम नाही. पाश्चर रोज कारखान्यात जायला लागले. चांगल्या पिंपातला रस घ्यायचा, नासक्या पिंपातला घ्यायचा, एकेक थेंब काचेवर ठेवायचा आणि बघत बसायचं. नवरा हल्ली बीटच्या रसात बुडालाय, असं बायको मेरीने सासऱ्यांना पत्रातून कळवलं होतं.

चांगल्या पिंपात त्यांना गोलसर, टपोऱ्या यीस्टच्या पेशी दिसल्या. काहींना छोटे कोंब फुटलेले. नासक्या पिंपात वेगळंच काहीतरी होतं. यीस्टपेक्षा कितीतरी बारीक, काडीसारखे, वळवळणारे कण. जिथं या काड्यांची गर्दी, तिथं अल्कोहोलऐवजी लॅक्टिक आम्ल.

आपल्याकडे दूध विरजतं ते याच गोतावळ्यातल्या जिवाणूंमुळे. दह्यात ते घरचे पाहुणे. पण दारूच्या पिंपात तेच घुसखोर. यीस्टच्या वाटणीची साखर ते खातात आणि बदल्यात आंबटपणा देतात.

म्हणजे पिंप आपोआप नासत नव्हतं. तिथं दोन सजीवांची साखरेसाठी मारामारी चालली होती आणि ज्या पिंपात चुकीचा गडी जिंकत होता ते पिंप वाया जात होतं.

यीस्ट जिवंत आहे यावर भांडण

आज हे वाचून वाटेल, यात काय एवढं? पण तेव्हा मोठमोठे रसायनशास्त्रज्ञ वेगळंच मानत होते. जर्मनीच्या युस्टस फॉन लिबिग यांचा दबदबा होता. त्यांच्या मते आंबणं म्हणजे निव्वळ रासायनिक सडणं. यीस्ट स्वतः कुजतं, त्या हालचालीने साखरेचे कण फुटतात, बस्स.

यीस्ट सजीव आहे हे पाश्चर यांच्या आधी 1837 च्या सुमारास कान्यार द ला तूर, श्वान आणि क्युत्झिंग या तिघांनी वेगवेगळं काम करून सांगितलं होतं. पण त्यांचं फारसं कुणी ऐकलं नाही, उलट टिंगल झाली. पाश्चर यांनी तीच गोष्ट पुराव्यानिशी लावून धरली.

1857 मध्ये त्यांनी लॅक्टिक आम्लाच्या आंबण्यावर पहिला निबंध वाचला. त्याच वर्षी ते पॅरिसला परत गेले. प्रयोगशाळा म्हणून माळ्यावरच्या दोन खोल्या मिळाल्या. नमुने उबेत ठेवायची कपाटवजा जागा जिन्याखाली होती आणि तिथं शिरायला या प्राध्यापकांना गुडघ्यांवर रांगावं लागायचं.

तिथंच त्यांनी एक साधा प्रयोग केला. पाण्यात शुद्ध साखर, थोडा अमोनियाचा क्षार आणि यीस्ट जाळून उरलेली राख एवढंच घातलं. त्यात चिमूटभर यीस्ट सोडलं. त्यात कुजायला दुसरं काही नव्हतंच. तरी यीस्ट वाढलं आणि साखरेची दारू झाली. म्हणजे यीस्टला नुसती साखर पुरत नाही, नायट्रोजन आणि खनिजंही लागतात. उपाशी यीस्ट काम अर्धवट टाकतं.

1861 मध्ये हवेचं कोडं सुटलं. भरपूर हवा मिळाली की यीस्ट झपाट्याने वाढतं, पण त्या मानाने दारू कमी करतं. हवा तोडली की वाढ मंदावते आणि साखरेची दारू जोमात होते. या गोष्टीला आजही पाश्चर परिणाम म्हणतात.

बाप म्हणून हरलेला माणूस

हे सगळं चालू असताना घरात मात्र एकामागून एक घाव बसत होते. 1859 मध्ये थोरली मुलगी जान टायफॉइडने गेली, वय 9. 1865 मध्ये वडील गेले आणि त्याच वर्षी दोन वर्षांची कामिय गेली. 1866 मध्ये 12 वर्षांची सेसिल, पुन्हा टायफॉइड. पाच लेकरांपैकी तीन मुली त्यांनी स्वतः पुरल्या.

टायफॉइड कशामुळे होतो हे तेव्हा कुणाला सांगता येत नव्हतं. खराब हवा, नशीब, शरीरातला बिघाड, अशी उत्तरं मिळायची. नासक्या पिंपाबद्दलही लोक हेच बोलायचे.

पाश्चर यांच्या डोक्यात दोन्ही गोष्टी जुळायला लागल्या होत्या. बाहेरून आलेला एक सूक्ष्म जीव पिंपातला रस नासवतो, तर मग शरीर का नाही? वाइन आणि बिअरच्या बिघाडाला ते सरळ आजार म्हणायला लागले. 1860 च्या दशकात हंसाच्या मानेसारख्या वाकड्या नळीच्या चंबूंनी त्यांनी दाखवलं की उकळलेल्या रसात बाहेरची धूळ पोहोचू दिली नाही तर तो नासत नाही. जंतू रसातून आपोआप जन्मत नाहीत, ते बाहेरून येतात.

मग प्रश्न आला, आलेले जंतू मारायचे कसे? 1865 मध्ये त्यांनी वाइन 55 अंश सेल्सिअसच्या आसपास थोडा वेळ तापवून टिकवण्याची पद्धत नोंदवली. चव राहते, जंतू मरतात. हेच ते पाश्चरायझेशन. दुधासाठी ती पद्धत नंतर दुसऱ्यांनी वापरात आणली.

हे काम वाचून स्कॉटलंडमध्ये जोसेफ लिस्टर नावाच्या सर्जनने जखमांवर कार्बोलिक आम्ल वापरायला सुरुवात केली. जखम सडते तीसुद्धा बाहेरून आलेल्या जंतूंमुळे, हा त्यांचा हिशोब. ऑपरेशननंतर सडून मरणारे रुग्ण वाचायला लागले.

बदला घ्यायचा, तोही बिअरने

ऑक्टोबर 1868 मध्ये 45 वर्षांच्या पाश्चर यांना अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू लुळी पडली. पुढचं सगळं आयुष्य ते पाय ओढत चालले आणि बरेचसे प्रयोग सहकाऱ्यांच्या हातांनी केले.

1870 मध्ये फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं. मुलगा आघाडीवर होता. थंडीवाऱ्यात, पराभूत सैन्याच्या लोंढ्यात बाप त्याला शोधत फिरला आणि तो सापडला. जर्मनीतल्या बॉन विद्यापीठाने दिलेली मानद पदवी पाश्चर यांनी चिडून परत केली.

फ्रान्स हरला. आता या लंगड्या प्राध्यापकाने काय करावं? त्यांनी ठरवलं, जर्मनांना त्यांच्याच बिअरमध्ये हरवायचं. त्या काळात बिअर म्हटलं की जर्मनीचं नाव पुढे यायचं. सहकारी सांगत की पाश्चर यांना बिअरची फारशी गोडीही नव्हती, दोन बिअरमधला फरक जिभेला कळत नसे. तरीही 1871 मध्ये क्लेरमाँ-फेराँजवळच्या एका छोट्या ब्रुअरीत त्यांनी काम सुरू केलं आणि नव्या पद्धतीचं पेटंट घेताना तिला राष्ट्रीय बदल्याची बिअर असं नाव दिलं.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते लंडनला व्हिटब्रेडच्या भल्यामोठ्या ब्रुअरीत गेले. त्यांनी पोर्टर बिअरचं थोडं यीस्ट मागितलं आणि मायक्रोस्कोपखाली धरलं. यीस्टच्या पेशींमध्ये घुसखोर काड्या होत्याच. हे यीस्ट चांगलं काम करणार नाही, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. मग मालकांनी कबूल केलं की त्याच कारणाने त्यांनी दुसऱ्या ब्रुअरीतून नवं यीस्ट आधीच मागवलंय. इतके दिवस चव बिघडल्यावरच त्यांना कळायचं, या पाहुण्याला एका थेंबात कळलं. आठवड्याभरात पाश्चर पुन्हा गेले तेव्हा ब्रुअरीने स्वतःचा मायक्रोस्कोप विकत घेतला होता.

1873 मध्ये त्यांना रोगजंतूंपासून मुक्त यीस्टचं अमेरिकन पेटंट मिळालं. 1876 मध्ये बिअरवरचं त्यांचं मोठं पुस्तक आलं. त्यात बिअरचे आजार, त्यांचे जंतू आणि ते टाळायचे उपाय, सगळं चित्रांसकट होतं.

आजच्या अडलेल्या पिंपाला पाश्चर काय देतात

महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी दारू बनवणं गुन्हा आहे. पण अमेरिका आणि ब्रिटनमध्ये घरगुती बिअर कायदेशीर आहे आणि तिथं हौशी लोकांची सगळ्यात जुनी रड म्हणजे मध्येच थांबलेलं आंबणं. आज त्यावर जे उपाय सांगितले जातात, त्यातल्या बहुतेकांचं मूळ पाश्चर यांच्या प्रयोगांत सापडतं.

पहिलं म्हणजे मोजा. झाकणाच्या नळीतून बुडबुडे यायचे थांबले म्हणजे काम अडलं असं नाही. हायड्रोमीटर नावाचं तरंगतं मापक रसात सोडून घनता बघायची. दोन-तीन दिवस आकडा हलला नाही आणि तो अपेक्षेपेक्षा वरच असेल, तरच आंबणं अडलं म्हणायचं. काही वेळा दोष यीस्टचा नसतोच. मोड आणलेली बार्ली जास्त गरम पाण्यात भिजली तर यीस्टला न पचणारी साखर जास्त तयार होते. मग कितीही यीस्ट ओता, आकडा खाली येत नाही.

दुसरं, ऊब. एल प्रकारचं यीस्ट साधारण 18 ते 20 अंशांना खूश असतं. रात्री गारठा पडला की ते तळाशी जाऊन झोपतं. थंडीत इडलीचं पीठ फुगत नाही, तसंच हे. पिंप थोड्या उबदार जागी हलवून तळाचं यीस्ट हलक्या हाताने वर आणलं की बऱ्याचदा गाडी पुन्हा सुरू होते.

तिसरं, हवा. रस उकळला की त्यातली हवा निघून जाते. यीस्टला सुरुवातीच्या वाढीसाठी हवा हवी असते, म्हणून गार झालेला रस यीस्ट टाकतानाच चांगला घुसळतात. नंतर मात्र हवा लागली तर बिअरची चव जाते.

चौथं, खाणं आणि दम. बार्लीच्या रसात खनिजं आणि नायट्रोजन बहुधा पुरेसे असतात, पण नुसती साखर किंवा मध जास्त असेल तर यीस्ट उपाशी राहतं. यीस्ट जुनं किंवा कमी असेल तर ताजं यीस्ट थोड्या रसात जागं करून, फेसाळल्यावर मग पिंपात घालतात.

आणि पाचवं, घुसखोर. आंबट वास, वर साय धरलेली, रस तारेसारखा चिकट झालेला, म्हणजे लीलचीच गोष्ट. इथं नवं यीस्ट वाचवत नाही. पिंप रिकामं करून, भांडी निर्जंतुक करून नव्याने सुरुवात करावी लागते.

घाई करून अर्धवट आंबलेली बिअर बाटलीत भरली तर उरलेल्या साखरेचा वायू आतच साठतो आणि काचेची बाटली फुटते. आंबणं पूर्ण झालंय की नाही हे आधी तपासायचं ते यासाठीच.

जे पाश्चर यांना दिसलं नाही

पाश्चर यांनी यीस्ट शुद्ध करायला ज्या उपायांवर भर दिला, त्यात टार्टारिक आम्ल होतं. ज्या आम्लाने त्यांचं करिअर सुरू झालं, तेच. त्याने जिवाणू दबायचे. पण कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेन यांना वेगळीच गोष्ट दिसली. घुसखोर फक्त जिवाणू नसतात. यीस्टमध्येच जंगली जाती असतात, दिसायला जवळपास सारख्या, पण बिअर कडवट आणि गढूळ करणाऱ्या. आम्लाने त्या मरत नव्हत्या, उलट त्यांचं फावत होतं.

1883 मध्ये हान्सेन यांनी एकाच पेशीपासून वाढवलेलं शुद्ध यीस्ट तयार केलं आणि कार्ल्सबर्गने ते इतर ब्रुअरींनाही दिलं. आज लागर बिअर बनवणाऱ्या यीस्टचं शास्त्रीय नाव आहे सॅकरोमायसिस पास्तोरियानस, पाश्चर यांच्या नावावरून.

जुन्या भांडणाचाही शेवट गंमतशीर झाला. पाश्चर गेल्यावर दोन वर्षांनी, 1897 मध्ये एडुआर्ड बुख्नर यांनी यीस्ट वाळूसोबत चिरडून काढलेल्या रसाने, म्हणजे जिवंत पेशीशिवाय, साखर आंबवून दाखवली. हे काम पेशीतली एन्झाइम करतात. म्हणजे लिबिग म्हणत होते तशी ही रासायनिक क्रियाच होती. पण ती एन्झाइम बनवतो कोण? जिवंत यीस्ट. दोघांच्याही पदरात थोडं सत्य पडलं.

पिंपापासून परळपर्यंत

बिअरचं पुस्तक आल्यानंतर पाश्चर पूर्णपणे रोगांकडे वळले. कोंबड्यांचा कॉलरा, मग जनावरांचा अँथ्रॅक्स. 6 जुलै 1885 ला अल्सेसहून आलेल्या 9 वर्षांच्या जोसेफ माइस्टरला पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावरची लस टोचायला सुरुवात झाली. पोरगा जगला. स्वतःच्या तीन लेकी न वाचवू शकलेल्या माणसाने दुसऱ्याचं लेकरू वाचवलं.

1888 मध्ये पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूट उभी राहिली. तिथं काम केलेले वाल्डेमार हाफकिन 1893 मध्ये भारतात आले. 1896 मध्ये मुंबईत प्लेगने थैमान घातलं, तेव्हा त्यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी 1897 मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन इन्स्टिट्यूट त्यांच्याच नावाने आजही उभी आहे.

28 सप्टेंबर 1895 ला पाश्चर गेले. पॅरिसमध्ये त्यांच्याच संस्थेच्या तळघरात त्यांची समाधी आहे. भिंतींवरच्या नक्षीत मेंढ्या आणि कुत्रे आहेत, त्यासोबत द्राक्षाच्या वेली आणि बिअरला कडवटपणा देणारे हॉप्सही आहेत.

ज्यांनी समाधी सजवली त्यांना बहुधा ठाऊक होतं. लस आणि दवाखाने पुढची गोष्ट. त्याआधी लीलमध्ये एक कारखानदार नासक्या पिंपाची तक्रार घेऊन आला होता आणि एका प्राध्यापकाने नशिबाला दोष न देता त्यातला एक थेंब काचेवर ठेवून बघितला होता.